घणाची जागा

पाऊसच नाही म्हटल्यावर फाळ ठोकून घ्यायला कोण येणार? रानं तडकली होती. कुदळी-खुरपी ज्याच्या त्याच्या घरी कोपऱ्यात पडून होती. लोहाराच्या शेडपुढच्या बाकावर दिवसभर येऊन बसायचा तो एकटा सुतार, आणि तोही हाताला काम नव्हतं म्हणून. दोघं रिकाम्या रस्त्याकडे बघत बसायचे. सुतार बोलायचा, लोहार हूं हूं करायचा. पूर्वी सुताराच्या तोंडाला तोंड द्यायला आतून लोहारीण असायची. "तुमच्या जिभेवरून एकदा रंधा फिरवायला हवा," असं ती म्हणायची, आणि त्यावर सुतारच सगळ्यांत मोठ्याने हसायचा.

गेल्या थंडीत तिला ताप आला, छाती भरली आणि धडधाकट बाई आडवी झाली ती उठलीच नाही. तोवर या शेडमधला घण तिच्या हातात होता. लोहार सांडशीत तापलेलं लोखंड धरायचा, लहान हातोडीने जिथं घाव हवा तिथं टिचकी द्यायचा, आणि ती समोरून घण घालायची. एक टिचकी, एक घाव. थांबायचं असलं की तो हातोडी ऐरणीवर आडवी टाकायचा. बोलावं लागत नसे. घरात दोघांचं वाजलं, अबोला धरला, तरी शेडमधलं काम अडत नसे.

आता अडलं होतं. विळे, कड्या, बिजागऱ्या तो एकट्याने करी, पण तिथंही हात फसवायचा. एक टोला मारला की हात वरच थांबायचा, मधल्या घावाची वाट बघत. तेवढ्यात लोखंडाची लाली उतरायची, आणि तो चरफडत पुन्हा भट्टीकडे वळायचा.

मुलगा चौकातल्या एका गाळ्यात दुसऱ्याच्या हाताखाली वेल्डिंग करत होता. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, पाण्याच्या टाकीचे सांगाडे. शेड मोकळी करू, भट्टी पाडू, मशीन बसवू, स्वतःचं काम सुरू करू, हे त्याचं म्हणणं जेवताना रोज निघायचं. तो वाईट बोलायचा नाही. हवापाण्याचं बोलावं तसं बोलायचा, आणि त्यामुळे बापाला त्याच्यावर धड ओरडताही यायचं नाही.

अशातच एका दुपारी सुताराने नव्या सभागृहाच्या समितीच्या अध्यक्षांना शेडवर आणलं. अध्यक्षांनी बाकावरची धूळ रुमालाने झटकली, पण बसले नाहीत.

"पाया खणताना भाल्याचं पातं सापडलं, ते ऐकलं असेल तुम्ही," ते म्हणाले. "फार जुनं आहे म्हणे, लढायांच्या काळातलं. संग्रहालयवाले घेऊन गेले आणि आमच्या हाती हा कागद ठेवला." त्यांनी पिशवीतून कागदाची सुरळी काढून ऐरणीवर पसरली. त्यावर पेन्सिलीने पात्याची बाह्यरेषा गिरवलेली होती. "हुबेहूब असाच भाला हवाय. हाताने घडवलेला, दांड्यासकट. व्यासपीठाच्या मागच्या भिंतीवर लावायचा. उद्घाटनाला मोठी माणसं येणार आहेत."

लोहार वाकून बघत राहिला. पातं कोपरापर्यंतच्या हाताएवढं लांब, मधे पानासारखं रुंद, कण्याशी जाड. खाली दांडा बसवायची नळी. नळीवर उभी चीर काढलेली होती.

"हे एकाच तुकड्याचं आहे," तो म्हणाला. "खालचं टोक पंख्यासारखं पसरायचं आणि मग गुंडाळून त्याचीच नळी करायची. ही चीर म्हणजे तो सांधा."

"म्हणजे जमेल ना?"

"घण लागेल."

मुलगा जेवायला घरी आला होता. तो हात पुसत दारात उभा राहिला. "घण कोण मारणार, बाबा?"

साधाच प्रश्न होता. पण चार माणसांत विचारला गेला आणि लोहाराला झोंबला.

"तुला काय करायचंय? हा भाला झाला तर भट्टी राहील. नाही झाला तर खुशाल पाड. पहिली वीट मी माझ्या हाताने काढून देईन."

"बघा हं," सुतार म्हणाला, "मी आणि अध्यक्ष साक्षीदार."

घरात जाताना मुलाने भट्टीकडे एकदा बघितलं. नुसतं अंगणाचं माप घ्यावं तसं.

दुसऱ्या दिवशी लोहाराने ट्रकच्या जुन्या कमानीतला एक पाटा काढला आणि भट्टी पेटवली. घणाला सुतारच पुढे झाला. "लाकूड माझं ऐकतं, मग लोखंडाला काय माज आलाय?" असं म्हणून त्याने बाह्या सारल्या.

"इथं उभा राहा," लोहार म्हणाला.

ऐरणीपलीकडे मातीत दोन उथळ खळगे होते. वर्षानुवर्षं त्याच जागी उभी राहून लोहारणीच्या पायांनी ते पाडले होते. सुताराने खाली बघितलं. मग त्याने चपला काढून त्यात पाय ठेवले.

पाटा पिवळा तापून आला. लोहाराने टिचकी दिली. सुताराचा घाव टिचकीपासून चार बोटं लांब पडला. दुसरा घाव तिरका बसला. तिसरा ऐरणीच्या कडेवर आदळून असा उसळला की सुतारच गिरकी घेऊन मागे गेला.

"तुझी ऐरण वाकडी आहे, लेका."

"तुझी नजर वाकडी आहे."

"याच नजरेने गावातली सगळी दारं बसवलीत मी!"

"म्हणूनच सगळ्या घरांत वारा येतो."

लोहारीण गेल्यापासून लोहाराच्या तोंडून निघालेली ही पहिली थट्टा. दोघंही हसायला लागले, आणि दोघांचीही नजर एकदमच खळग्यांकडे गेली. सुतार कोपर चोळत होता. "ही मेढ सारखी कोपराला लागतेय," तो म्हणाला. छपराला आधार दिलेला लाकडी खांब त्याच्या उजव्या खांद्यामागे होता.

"मेढ काय आज उभी केलीय? इतकी वर्षं कुणाला लागली नाही ती."

संध्याकाळपर्यंत सुताराचा खांदा धरला आणि पाटा होता तसाच राहिला, नुसते वेडेवाकडे खड्डे पडून.

मग मुलाने एक दिवस सुट्टी घेतली. आपणहून घेतली. बापाने विचारलं नव्हतं.

मिसरूड फुटायच्या वयात त्याने हाच घण उचलून बघितला होता. रोज सकाळी आई बाजूला व्हायची आणि त्याला आपल्या जागी उभं करायची. घाव काही सरळ पडायचा नाही. शेवटी एकदा गिऱ्हाईक समोर असताना लोहार म्हणाला होता, "तुझ्या हातात घण नाही रे." शाळेत पोरं आधीच चिडवायची, याची आई घण मारते म्हणून. त्यात हे. त्यानंतर तो शेडमध्ये फारसा फिरकलाच नाही.

आता अंगात ताकद होती. त्याने दात चावून घण घातला. घाव तिरके पडत होते, पण जोराने पडत होते, आणि दुपारपर्यंत पाट्याचं एक टोक लांबलंही. लोहार मनातून सुखावला. मग त्यांनी खालचं टोक पसरायला घेतलं. पातळ काम. इथं ताकद उपयोगाची नाही, घाव सपाट हवा. टोक पंख्यासारखं उलगडत आलं, आणि मुलाचा घण मेढीला घासून कडेवर उतरला. पंखा मधोमध फाटला.

"म्हणालो होतो," लोहार म्हणाला. म्हणायला नको होतं हे त्याला शब्द तोंडाबाहेर पडतानाच कळलं.

मुलाने घण खाली टाकला. "मग कशाला उभं केलंत? मी जाड पत्रा कापतो ग्राइंडरने, खाली पाइप जोडतो. दिवस मावळायच्या आत भाला तयार. भिंतीवर चढून कोण बघणार आहे?"

आणि काय योग, अध्यक्ष तेवढ्यातच काम कुठवर आलं ते बघायला आले. त्यांनी फाटलेला तुकडा बघितला, मुलाचं म्हणणं ऐकलं आणि हनुवटी खाजवली.

"तसं बघायला गेलं तर... बराच उंच लागणार आहे तो. खालून काही कळणार नाही."

"हाताने घडवलेला हवा म्हणाला होतात," लोहार म्हणाला.

"तेही हातानेच की. ग्राइंडर काय पायाने धरतात?" अध्यक्ष हसले. दुसरं कुणी हसलं नाही. मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुमच्यावर विश्वास नाही असं नाही. पण माणसाचं वय होतं. घरात असा प्रसंग झालेला. पुढच्या बाजारापर्यंत थांबतो मी. नाही जमलं तर मुलाकडून करून घेऊ. पैसे घरातच येतील, काय?"

जाताना त्यांनी लोहाराच्या खांद्यावर हात ठेवला. नंतर रस्त्यात तो हात रुमालाला पुसला. लोहाराने ते बघितलं. काजळी लागली असेल, पुसणारच. तरी त्याने ते बघितलं.

पुढचे दोन दिवस तो एकटाच झगडला. मोठी हातोडी एका हाताने चालवून बघितली. दंडाला गोळे आले, मनगट सुजलं, आणि लोखंड चिमूटभर सरकलं. हात अजूनही प्रत्येक टोल्यानंतर वर थांबत होता.

सून चहा घेऊन आली तेव्हा तो ओंडक्यावर बसून तळहात बघत होता. सून तशी अबोल. लग्न होऊन आली तेव्हापासून सासूच्या हाताखाली वावरली होती, आणि शेवटच्या आजारात सासूचं सगळं तिनेच केलं होतं. तिने चहा ठेवला, पण ती गेली नाही.

"मामंजी, मी मारून बघू?"

"बायकांचं काम नाही ते."

बोलून गेल्यावर त्याला आपलंच बोलणं ऐकू आलं. सुनेने खाली मान घातली. ती हसू दाबत होती हे त्याला दिसलं.

"तुला कशाला हा उपद्व्याप?" तो म्हणाला.

"भट्टी पाडली की मशीन येईल. मशीनला या गावात काम कुठंय? चार गेटं होतील आणि मग हे म्हणतील, शहरात जातो. मी इथं आणि ते तिथं." तिने पदर खोचला. "एकदा बघू तरी द्या."

लोहाराने पाटा भट्टीत सारला. तापेपर्यंत तो तिला सांगत राहिला. टिचकी दिसली की तिथंच मारायचं, हातोडी आडवी पडली की थांबायचं, आणि पाय त्या खळग्यांतून हलवायचे नाहीत. तिचे पाय लहान होते. खळग्यांत सुटे पडले.

पहिले दोन घाव हलके पण जागेवर पडले. त्याला बरं वाटलं. तिसऱ्याला तिने घण चांगला वर घेतला, दांडा मेढीवर आपटला, घण ऐरणीच्या कडेला लागून उसळला आणि थेट तिच्या नडगीवर आला. ती मटकन खाली बसली.

"सरकलीस तू!" लोहार ओरडला. "जागा सोडायची नाही म्हटलं होतं ना! तिथंच उभं राहायचं, तिथंच!"

सुनेच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज शांत होता. "सरकले, कारण मेढ लागते. उजवा हात मागे गेला की मेढ येते. सासूबाईंना लागत नसणार. त्या डावखुऱ्या होत्या."

"कोण डावखुरी?"

"सासूबाई. भांडी डाव्या हाताने घासायच्या, केर डाव्या हाताने काढायच्या. तुम्हाला ठाऊक नाही?"

ठाऊक होतं. पण ठाऊक असलेलं असं समोर कधी उभं राहिलं नव्हतं. लग्नानंतर तिने पहिल्यांदा घण उचलला तेव्हा तो असाच मेढीला आपटला होता, पण पलीकडच्या, डाव्या हाताला येणाऱ्या. मग दोघांनी मिळून ऐरणीचा ओंडका उकरला आणि तिच्या डाव्या हाताला मोकळी जागा राहील असा फिरवून पुन्हा गाडला. त्या दिवशी दोघं मातीने माखले होते, आणि ती हसून हसून दमली होती. नंतर हे तो इतकं विसरला की शेड बापाच्या वेळेपासून अशीच आहे असं धरून चालला. सगळी शेड तिच्या डाव्या हातावर बेतलेली होती. आणि त्याने सुताराला तिथंच उभं केलं होतं. मुलालाही, त्या कोवळ्या वयात आणि परवाही.

"फार लागलं का गं?" त्याने विचारलं.

"नाही."

नडगी टम्म फुगत होती. त्याने माठातलं पाणी आणून तिच्या पायावर ओतलं.

सकाळी सुतार आला तेव्हा लोहार पहार घेऊन ऐरणीशेजारी बसला होता. जमिनीवर एक टोचाही मारलेला नव्हता.

"काय चाललंय?"

"ऐरण फिरवायचीय. घण उजव्या हाताचा झाला."

सुताराने मेढ बघितली, आपलं कोपर बघितलं आणि कपाळावर हात मारला. "तरी मी म्हणत होतो! मग ती मेढच काढू की. मी टाकतो वर तुळई."

"मेढ काढली तर छप्पर डोक्यावर येईल."

"मग फिरव ऐरण."

"तेच तर करतोय."

पण तो उठत नव्हता. उठून खणायला लागला असता तर ओंडका लोहारणीच्या खळग्यांकडेच सरकणार होता. सुताराच्या ध्यानात आलं. त्याने चपला काढल्या आणि शेजारी मातीत बसला.

मुलगा डबा घेऊन कामावर निघाला होता. अंगणातून त्याने विचारलं, "काय झालं?" सून लंगडत दारात आली आणि तिने सांगितलं. मुलगा ऐकत राहिला. मग त्याने डबा बाकावर ठेवला, आत येऊन घण उचलला आणि ऐरणीच्या दुसऱ्या बाजूला, जिथं कुणी कधी उभं राहत नव्हतं तिथं उभं राहून हवेत एकदा फिरवला. कुठंच काही लागलं नाही. तो खळग्यांत येऊन उभा राहिला आणि पुन्हा फिरवला. खट्. मेढ.

"माझ्या हातात घण नाही म्हणायचात," तो म्हणाला.

रागाने नाही म्हणाला. लोहाराला वाटलं, रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं.

"पहार द्या," मुलगा म्हणाला.

ओंडका खोल गाडलेला होता. मुलाने आणि सुताराने तो सुटा केला, ऐरणीसकट रेटत रेटत फिरवला. उकरलेली माती घसरत खळग्यांत गेली. कुणी मुद्दाम टाकली नव्हती. एक खळगा दिसेनासा झाला, दुसऱ्याची कड उरली. लोहार ते बघत होता. मग तो उठला, फावड्याने राहिलेली माती त्याने स्वतः ओढली आणि पायाने दाबून दाबून ती जागा सारखी केली. बराच वेळ दाबत होता. झालं म्हणून त्याला कुणी थांबवलं नाही.

मुलगा त्या दिवशी कामावर गेला नाही. नव्या जागेवरून त्याचे घाव सरळ पडू लागले. पण सरळ पडले तरी ते टिचकीच्या आधीच पडत. हातोडी टेकायच्या आत घण खाली. लोहाराने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा हातोडी आडवी टाकली.

"तिच्याकडे दे," तो सुनेकडे बोट करून म्हणाला. "तिचा हलका आहे, पण वाट बघतो."

मुलाचं तोंड उतरलं. "बाबा, लोक काय म्हणतील? पुन्हा तेच. मला शाळेत काय काय म्हणायचे ते..."

"ती पोरं आता कुठं आहेत?"

मुलाने विचार केला. "माझ्याकडेच येतात गेटं करून घ्यायला. आणि घासाघीस करतात."

"मग गेट थोडं तिरकं बसव त्यांचं," सुतार म्हणाला.

मुलगा हसला नाही, पण जाऊन भात्यापाशी बसला.

सुनेने घण घेतला. टिचकी. घाव. टिचकी. घाव. लोहाराचा हात वर थांबला आणि मधला घाव आला. पण तो लोहारणीचा घाव नव्हता. हा आखूड होता, लवकर उचलला जाणारा. लोहारणीचा घाव पडला की क्षणभर तिथंच बसायचा, लोखंडावर हात ठेवावा तसा. लोहाराला या हलक्या घावाचा संताप आला. त्याने टिचक्या जोरजोरात दिल्या. सुनेला वाटलं आपलं चुकतंय. ती दुखऱ्या पायावर भार देऊन आणखी वाकू लागली. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले. लोखंडाला मात्र कोण मारतंय याचं काही नव्हतं. ते सरकत होतं. हळूहळू लोहाराने टिचकी हलकी केली आणि दोन टिचक्यांमधलं अंतर तिच्या हाताला झेपेल एवढं धरलं. जुनं अंतर सुटलं. ते सुटलेलं त्याला हातात कळलं.

फाटलेलं टोक छिन्नीने तोडून त्यांनी पुन्हा पसरलं. या वेळी पंखा अखंड उघडला. तो तापवून लोखंडी गजाभोवती गुंडाळला, कडा एकमेकींना भिडवल्या. पात्याचा कणा उभा राहिला. मग पाणी दिलं. बुडवलेल्या पात्यातून सूं आवाज आला आणि वाफेने चौघांची तोंडं झाकली. पुढचे दिवस कानशीने घासण्यात गेले. सुताराने सरळ धाग्याचं लाकूड निवडून दांडा तासला आणि नळीत चपखल बसवून दाखवला. बाजाराचा दिवस उजाडायला अजून अवकाश होता. अध्यक्ष येऊन बघून गेले आणि या वेळी बाकावर बसले.

उद्घाटनाच्या सकाळी भाला भिंतीवर लावायचा होता. सभागृहात रंगाचा वास होता, खुर्च्या मांडणं चाललं होतं, समितीची माणसं लगबगीत होती. भिंतीत लोखंडी कड्या मुलाने आदल्या दिवशीच बसवल्या होत्या. नळीतून आरपार जाणारा खिळा मात्र जागेवरच मारायचा ठरलं होतं. लोहाराने भाला उचलला आणि त्याच्या हाताला कळलं. पातं डुलत होतं. या उन्हाने दांडा आणखी वाळला होता, आकसला होता.

"पाचर मारू," सुतार हळूच म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता.

"पाचर नको. पातं अजून वर चढेल. दांडा वरून ठोकायचा."

त्यासाठी भाला उलटा धरावा लागतो. टोक खाली, जमिनीला न टेकता अधांतरी, आणि वरून दांड्याच्या बुडावर टोले द्यायचे. दांडा उतरतो आणि जड पातं जागेवर राहून त्यावर चढत जातं. दांडा पुरुषभर उंचीचा. मारणाऱ्याला स्टुलावर चढावं लागणार होतं.

खुर्च्या मांडणारे हात थांबवून बघू लागले. "उलटा का धरलाय?" "पातं पडेल की खाली!" कुणीतरी मागून म्हणालं, "लोहारदादा, सून घेऊन आलात वाटतं. घरात पुरुष कमी पडले का?" दोघं-तिघं हसले.

सून भिंतीशी उभी होती. मोगरी, सुताराचा लाकडी हातोडा, तिच्या पायाशी होता. तिने त्याला हात लावला नाही. ती नवऱ्याकडे बघत होती. मुलाचे कान लाल झाले होते. लोहाराला वाटलं, आता हा मोगरी उचलणार. स्वतः चढणार, घाईत चार टोले घालणार आणि दांड्याचं बूड फोडून ठेवणार. त्याला अडवायचं होतं, पण या सगळ्यांसमोर मुलाला पुन्हा काही बोलायची त्याची छाती होईना.

मुलाने वाकून मोगरी उचलली. ती बायकोच्या हातात दिली.

"चढ," तो म्हणाला. "मी धरतो."

त्याने बापाच्या हातातून भाला घेतला, उलटा केला, दोन्ही हातांनी दांड्याला मधोमध घट्ट धरलं आणि पाय फाकवून उभा राहिला. सून स्टुलावर चढली. दुखरा पाय तिने जपून ठेवला. लोहार बाजूला झाला. त्याच्या हातात धरायला काही उरलं नाही.

पहिला टोला पोकळ आला. दुसराही. मागचं कुजबुजणं चालूच होतं. मुलगा मान वर करून बायकोच्या हाताकडे बघत होता, आणि टोला पडायच्या आधी दांडा घट्ट धरत होता, पडला की किंचित सैल सोडत होता. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. पातं केसभर वर सरकलं. आणखी केसभर. हसणारे हसायचे थांबले होते, कारण आता आवाज बदलत होता.

लोहार खाली मान घालून ऐकत होता. टोला पडला, आणि पोकळपणा गेला. लाकूड आणि लोखंड एकच वाजलं, भरीव.

"बसलं का, बाबा?" मुलाने विचारलं.

बसलं होतं. लोहार डोळे न पुसता जरा पुढे सरकून उभा राहिला.

"आणखी एक," तो म्हणाला.